नव्या पातेल्यातली खीर

कुणी "आत्ताच जेवून आलो" म्हटलं की माझं टाळकं सणकतं. माणूस खरंच जेवून आलेला असतो, समोर बसून ढेकर देऊन राहिलेला असतो, तरी सणकतं. पन्नाशी उलटली, बीपीची गोळी सुरू झाली, पण ही खोड काही गेली नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, आणि ती कुठून आली हे कळलं नाही तर तो नुसता हलकटपणा वाटेल. हलकटपणा होताच म्हणा. नाही कशाला म्हणू.

मी मुखेडकडची. आजोबांनी छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला, घरातले जुने देव काढले, पण गावानं काही नवं घेतलं नाही. माझी आई गावातल्या एका मास्तरांकडं भुईमुगाच्या शेंगा निवडायला जायची. तिचा चहाचा ग्लास त्यांच्या गोठ्यात, गव्हाणीच्या वरच्या कोनाड्यात असायचा. मास्तरीणबाई वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. आई आजारी पडली तर विचारपूस करायच्या, मला त्यांच्या मुलीची जुनी पुस्तकं द्यायच्या. आमच्या हातचे पेरू घ्यायच्या, शेंगा घ्यायच्या, केळी घ्यायच्या. फक्त शिजवलेलं घ्यायच्या नाहीत. चहा देताना वरून धार सोडायच्या, आणि आई पिऊन झाल्यावर ग्लास विसळून परत कोनाड्यात ठेवायची. फळं चालतात, शिजवलेलं चालत नाही, हा नियम मला बाराखडीच्या आधी पाठ झाला.

शिकले, नांदेडला सरकारी कचेरीत लागले, तेव्हा वाटलं सुटले एकदाची. तिथं कुणाच्या कोनाड्यात काही नव्हतं. सगळे एका टपरीवरचा चहा एकाच तऱ्हेच्या कपातून प्यायचे. पण वैशाख पौर्णिमेला आमच्याकडं खीर होते, आणि दुसऱ्या दिवशी मी मोठा डबा भरून न्यायची. तेव्हा लोकांची पोटं बिघडायची. एकीचा उपवास निघायचा, दुसरीचा नवस. एक साहेब दरवर्षी "मला शुगर आहे ना बाई" म्हणायचे. त्याच साहेबांनी एकाच्या बढतीला चार पेढे हाणलेले मी डोळ्यांनी बघितले. आणि बाकीचे सगळे आत्ताच जेवलेले. डबा चार वाट्या कमी होऊन परत यायचा, त्यातली एक वाटी शिपायाची आणि तो आमच्यातलाच. घरी आल्यावर आई डबा उघडून बघायची आणि उरलेली खीर गल्लीतल्या लेकरांना वाटायची. मला मात्र रडू यायचं आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

तर अशी मी. विष्णुपुरीच्या रस्त्याला एका बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, भाड्याच्या खोलीतून आईला तिथं आणलं, आणि वर्षभरात समोरच्या दारात एक बाई राहायला आली. एका हॉस्पिटलात नर्स होती. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, विधवा, एकुलता एक मुलगा परदेशात. पाचवारी साडीतली चारचौघींसारखी बाई, बोलणं कोकणातलं. दाराच्या चौकटीला तिनं एक बोटभर डबी तिरकी ठोकली होती आणि जाता-येता तिला हात लावून तोंडाशी न्यायची. आधी मला वाटलं ख्रिश्चन असेल. तर म्हणाली, डबीत आमच्या प्रार्थनेचा कागद आहे, आम्ही यहुदी, बेने इस्राएल. शेकडो वर्षं कोकणात आहोत, पूर्वी तेलाचा धंदा करायचो, शनिवारी घाणा बंद ठेवायचो. मी म्हटलं बरं. अशी माणसं असतात हेच मला माहीत नव्हतं.

मी तिला "सिस्टर" म्हणायची, सगळेच म्हणायचे. ती मला पहिल्या आठवड्यातच "अगं" म्हणायला लागली.

मैत्री झाली ती आईच्या पायामुळं. आईला शुगर होती, खरीखुरी, साहेबांसारखी नव्हे. डाव्या पायाला काहीतरी लागलं, ते चिघळलं, आणि डॉक्टर पाय काढायचं बोलायला लागले. सिस्टरनं हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी ड्युटीवरून आल्या आल्या पेटी घेऊन आमच्याकडं आली. खाली बसली, आईचा पाय मांडीवर घेतला आणि जखम धुवायला लागली. त्या जखमेला असा वास होता की पोटची पोरगी असून मी नाकाला ओढणी लावून दारात उभी होते. ती साडेचार महिने रोज आली. एक दिवस चुकला नाही. पाय वाचला, दोन बोटं तेवढी गेली. आई सगळ्यांना सांगायची, "ही बाई लई मायेची हाय, माझा पाय तिनं राखला."

मी काही देऊ केलं तर घ्यायची नाही. आग्रह केला तर कोरा चहा मागायची, तोही काचेच्या ग्लासात. नाहीतर एखादं केळं. भाजलेल्या शेंगा आवडीनं खायची. पोळी-भाजी पुढं केली की हसून हात हलवायची.

केळं, शेंगा, पेरू. शिजवलेलं नाही. आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?

तिनं सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. त्यांच्या धर्मात मटण आणि दूध एका जेवणात चालत नाही, एका भांड्यात तर नाहीच. मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, घासायची चिंधीसुद्धा वेगळी. मटणही कुणाही खाटकाचं चालत नाही, त्यांच्यातल्याच माणसानं कापलेलं लागतं. इथं कोण कापणार? म्हणून तिचा भाऊ ठाण्याहून कधीमधी बर्फाच्या डब्यात घालून आणायचा. रश्शात ती नारळाचं दूध घालायची. धरणावरचे मासे घ्यायची तर त्यांना खवलं आणि पोहायचे पर आहेत का ते उलटंपालटं करून बघायची, आणि बिनखवल्याचा मासा फुकट दिला तरी घ्यायची नाही. मासेवाली बाई तिच्या पाठीमागं हसायची. हे सगळं मी हो हो करत ऐकलं होतं. त्यातलं डोक्यात काय राहिलं? भांडी वेगळी. एवढंच राहिलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर ताक बघूनच ओरडायला बसले होते.

मनातल्या मनात मी हिशेब जुळवला होता. पायाला हात लावणं वेगळं आणि हातचं खाणं वेगळं. डॉक्टर नाही का सगळ्यांना हात लावत? घरी जाऊन आंघोळ केली की झालं.

त्या वर्षी वैशाख पौर्णिमा शनिवारी आली. दुपारी मी खीर केली, आईनं नीट वेलची कुटून दिली, आणि पहिली वाटी सिस्टरला दे म्हणाली. कुणाही आधी. वाटी झाकून मी समोरची बेल वाजवली. दार उघडलं. तिचा भाऊ आदल्या दिवशी येऊन गेला होता, घरात मटणाचा वास होता. वाटी बघून तिचा चेहरा पडला. खरंच पडला, मला आठवतं. म्हणाली, अगं, आत्ताच जेवले, मटण होतं, आता दूध चालायचं नाही. वाटी हातात घेतली, पण स्वयंपाकघरात नेली नाही. दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर वरच्या फळीवर ठेवली.

चपलांच्या स्टँडवर. मला त्या क्षणी मास्तरांचा गोठा दिसला, दुसरं काही दिसलंच नाही. घरी येऊन मी आईवर ओरडले, की बघितलं तुझ्या मायेच्या बाईचं? आई म्हणाली, तिच्यात नसंल चालत, असत्यात एकेकाचे रिवाज. मी म्हटलं, रिवाज आपल्यालाच कसे आडवे येतात सगळ्यांचे? आईनं खिरीवर झाकण ठेवलं. तिला माझ्याशी भांडायचं बळ नव्हतं.

आठवड्यानं सिस्टर स्वतःच आली. बाजारातून आणलेलं कोरं स्टीलचं पातेलं, झाकण, एक डाव, दोन वाट्या, वरचं लेबलही काढलेलं नव्हतं. ओट्यावर ठेवून म्हणाली, "ह्यात फक्त दुधाचं कर. मटणाचा चमचा ह्याला लागू देऊ नकोस, एवढं सांभाळ. मग मी तुझ्याकडे बसून खाईन."

मी पातेल्याकडं बघत राहिले. लाज वाटली नाही हिला, असं मनात आलं. आमच्या घरात येऊन आमची भांडी चालत नाहीत म्हणून स्वतःचं भांडं ठेवून चालली. मास्तरीणबाईंनी निदान कोनाडा त्यांच्या घरात ठेवला होता, हिनं तर माझ्याच घरात करून दिला. तोंडानं मात्र मी "बरं" म्हटलं. कचेरीत वीस वर्षं "बरं" म्हणून म्हणून जीभ त्यात तयार झाली आहे.

पुढच्या रविवारी मी त्या पातेल्यात मटण केलं. अर्धा किलो, नळीसकट, काळ्या मसाल्याचं, तर्री येईस्तोवर शिजवलं. आमची मोठी कढई रिकामी होती, तिच्यात करता आलं असतं. मी मुद्दाम ह्यात केलं. जेवलो, पातेलं घासलं, लिंबू लावून घासलं, वास घेऊन बघितला. संध्याकाळी त्यात खीर केली आणि सिस्टरला बोलावलं.

ती आली, खाली पाट घेऊन बसली. त्यांच्या प्रार्थनेच्या भाषेत डोळे मिटून दोन शब्द पुटपुटली आणि खायला लागली. एक वाटी खाल्ली, दुसरी मागून घेतली. म्हणाली, तिची आई गेल्यापासून दुसऱ्या कुणाच्या हातची खीर तिनं खाल्ली नव्हती. मी समोर बसून तिच्या तोंडाकडं बघत होते. मला बरं वाटून राहिलं होतं, खोटं का बोलू? मनात म्हटलं, बाटली की नाही आता?

हाच शब्द मनात आला. बाटली. ज्या शब्दानं माझ्या आईला जन्मभर गोठ्यात बसवलं, तोच माझ्या तोंडी सुपारीसारखा घोळत होता.

आईनं सगळं बघितलं होतं. दुपारी कशात शिजलं आणि संध्याकाळी कशात शिजलं, पलंगावर पडल्या पडल्या तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. सिस्टर गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. खिरीची वाटी तिच्यापुढं तशीच होती, तिनं खाल्ली नव्हती.

"तिनं माझ्या पायातली घाण काढली," आई म्हणाली, "अन् तू तिच्या ताटात कालवलीस. उद्या सांग तिला."

मी म्हटलं सांगते.

सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत काम होतं. मग तिच्या ड्युट्या रात्रीच्या लागल्या. मग वाटलं, आता पुन्हा तसं करायचं नाही म्हणजे झालं. आणि पुन्हा केलंही नाही. त्या दिवसापासून त्या पातेल्याला मी मटणाची वाफ लागू दिली नाही. वेगळ्या फळीवर ठेवायची, वेगळ्या घासणीनं घासायची. सिस्टर दर आठवड्याला यायला लागली. शेवयाची खीर, गव्हाची खीर, कधी कढी, कधी बासुंदी. आईला शुगर म्हणून चमचाभरच भरवायची, स्वतः खायची, दोघी हसायच्या. मला हळूहळू कळत गेलं की ही बाई वाणिणीकडं, डॉक्टरीणबाईंकडं, बिल्डिंगच्या सेक्रेटरीकडं, कुणाकडंच शिजवलेलं खात नाही. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी सत्यनारायणाचा प्रसाद दिला, तोही तिनं तसाच हसून नाकारला, आणि ते लोक तणतणत खाली आले. ब्राह्मणाच्या हातचं नको म्हणणारी ही कोण, म्हणे. मी ऐकून हसले आणि मग हसता हसता थांबले.

कारण मग सरळच होतं सगळं. ती माझ्यात आणि त्यांच्यात काही फरक करत नव्हती. फरक केला तो एकच, की पातेलं फक्त माझ्याकडं आणून ठेवलं.

हे कळल्यावर सांगणं आणखी अवघड झालं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ते भांडण झालं असतं. आता सांगितलं तर काय झालं असतं, हे मला ठरवता येईना. आई अधूनमधून विचारायची, "सांगितलंस का?" मी म्हणायची, सांगते की. नंतर नंतर ती नुसती बघायची. दोन वर्षांनी आई गेली. शेवटचे आठ दिवस सिस्टरनं रजा काढून तिला सांभाळलं, आंघोळ घातली, कूस बदलली. आई माझ्या हातात पाणी बघून तोंड फिरवायची आणि तिच्या हातून घ्यायची. लोकांना वाटलं म्हातारीला भान नाही. मला माहीत होतं भान किती आहे.

आणि एक गोष्ट मला आजही जाळते. ज्यांनी मला हे विष पाजलं, त्या मास्तरीणबाई, ते चार पेढेवाले साहेब, त्यांचं मी काय वाकडं केलं? काही नाही. त्यांना "नमस्कार, बसा" करत आले. त्यांच्या ताटापर्यंत माझा हात पोचत नव्हता. पोचला तो जी आपण होऊन जवळ येऊन बसली तिच्या ताटात.

पुढच्या वर्षी सिस्टर रिटायर झाली आणि आधी गाडीनं ठाण्याला भावाकडं, तिथून विमानानं मुलाकडं जायचं ठरलं. सामान बांधायला मी मदतीला गेले. तेव्हा पहिल्यांदा तिचं स्वयंपाकघर नीट बघितलं. उजवीकडं मटणाची भांडी, डावीकडं दुधाची, मधे ओटा. ती भांडी कागदात गुंडाळत बोलत होती. तिच्या सख्ख्या बहिणीच्या घरी हे काही पाळत नाहीत, म्हणून तिथं गेली की ती पाणी आणि केळं घेते, तीस वर्षं झाली, बहीण अजून रुसते. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "जगात दोनच घरी मी डोळे मिटून जेवते. एक हे, एक तुझं. गाडीसाठी त्या पातेल्यात काहीतरी करून दे हं."

मी हातातला कागद खाली ठेवला आणि सांगितलं. सगळं सांगितलं. मटण, काळा मसाला, लिंबू, खीर, दुसरी वाटी. त्यानंतर पुन्हा कधी केलं नाही हेही सांगितलं.

ती ओट्याला टेकून उभी होती. हातातली वाटी तिनं पुसून ओट्यावर ठेवली. मग शांतपणे म्हणाली, एकदा केलं की झालं, पातेलं मटणाचा अंश धरून ठेवतं, घासून जात नाही. म्हणजे तीन वर्षं तिनं माझ्या घरी जे जे खाल्लं ते सगळंच तिला न चालणारं होतं. हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं एकच वाटी आहे.

"का केलंस?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मला वाटलं तुम्हाला आमच्या हातचं चालत नाही. आमची जात.

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि ती जी बघत राहिली ते बघणं मला विसरता येत नाही. राग असता तर मी झेलला असता.

"अगं, मला विचारायचं तरी होतंस," ती म्हणाली. मग कागद उचलून पुन्हा वाट्या गुंडाळायला लागली. मीही लागले. दुसरं काय करणार?

गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. सकाळी बाजारात जाऊन मी नवं पातेलं आणलं, नवा डबा, नवा डाव, नवा तवा, पिठाची परातसुद्धा नवी. पोळ्या केल्या, बटाट्याची भाजी केली. घरातलं एकही जुनं भांडं लागू दिलं नाही. तेलाची पिशवीसुद्धा नवी फोडली. स्टेशनवर जाताना वाटेत डझनभर केळी घेतली, कशी कोण जाणे. हात आपोआप तिकडं गेला.

ती गाडीत खिडकीशी बसली होती. मी डबा पुढं केला आणि म्हटलं, "सगळं नवं आहे सिस्टर. आईची शपथ."

तिनं डब्याला हात लावला. गरम होता. मग माझ्या हातावर हात ठेवला, तोच हात, आईच्या पायावर रोज असायचा तो, आणि डबा हळूच माझ्याकडं सरकवला.

"आत्ताच जेवून निघाले गं," ती म्हणाली.

तिचा गॅस सिलिंडर आदल्या दिवशीच परत गेला होता. घरात भांडंकुंडं काही उरलं नव्हतं, सकाळपासून तिच्या दारात मी तीनदा जाऊन आले होते आणि कुणीही काही खाल्लेलं मी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, बरं. आणि केळी पुढं केली.

केळी तिनं घेतली.